सीजीसीकडून कॉमिक्स ग्रेड करून घ्यावीत का? माझ्या पाच अंकांचा अनुभव

सरळ मुद्द्यावर येतो, कारण गेल्या काही महिन्यांत पुण्यातल्या आणि इथल्या मित्रांपैकी बऱ्याच जणांनी हेच विचारलंय, की ते कॉमिक प्लास्टिकच्या जाड डबीत बंद करून वर नंबर लावून देतात ते नक्की काय असतं, आणि त्यावर पैसे घालण्यात काही अर्थ आहे का. मी न्यू जर्सीत राहतो, दहाएक वर्षांपासून जुनी सुपरहिरो कॉमिक्स गोळा करतोय, आणि या वेळी पहिल्यांदाच स्वतःचे पाच अंक फ्लोरिडात सरासोटाला सीजीसीकडे, म्हणजे हे काम करणाऱ्या कंपनीकडे, पाठवले होते. तीन महिन्यांनी परत आले. माझं उत्तर असं, की अर्थ आहे, पण प्रत्येक अंकासाठी नाही, आणि पिक्चरचा गल्ला बघून तर अजिबात पाठवू नका.

मला ग्रेडिंगची गरज कळली ती हल्क 181 मुळे, म्हणजे मार्व्हलच्या हल्क मालिकेच्या 181 व्या अंकामुळे. 1974 चा अंक, वुल्व्हरिन पहिल्यांदा नीट दिसतो तो यातच. एका कॉमिक कन्व्हेन्शनमध्ये एका विक्रेत्याकडून रॉ, म्हणजे ग्रेड न केलेला, पिशवीतला अंक घेतला. कव्हर सुंदर होतं, रंग ताजे होते, आणि गर्दीत उभं राहून पानं काय मोजणार माणूस. घरी येऊन उघडला तर वाचकांच्या पत्रांच्या पानावर चौकोनी भोक. त्या काळात मार्व्हलने अंकांमध्ये छोटे स्टॅम्प छापले होते, मुलांनी ते कापून एका वहीत चिकटवायचे अशी योजना होती, आणि मुलांनी ते मनापासून कापले. त्या मुलांवर माझा राग नाही, त्यांनी जे करायला सांगितलं होतं तेच केलं. पण ज्याने मला पूर्ण अंक म्हणून विकला त्याच्याबद्दल आजही वाईट वाटतं. पुढच्या वेळी मी त्याला शोधलं, तो म्हणाला पिशवी उघडून बघायला हवं होतंत. तर 1974-75 च्या आसपासचा मार्व्हलचा कुठलाही अंक घेताना आधी स्टॅम्प आहे का बघा. एवढं एक वाक्य जरी लक्षात ठेवलंत तरी हे लिहिल्याचं सार्थक झालं.

आता सर्व्हिसबद्दल. सीजीसी 2000 साली सुरू झाली. त्याआधी अंक चांगला की वाईट हे विकणारा सांगेल तेच, एकाचं निअर मिंट (जवळपास नवाकोरा) म्हणजे दुसऱ्याचं व्हेरी फाइन (त्याहून खालचं), आणि ऑनलाइन खरेदी सुरू झाल्यावर तर फक्त अंधुक फोटो. यांनी काय केलं, तर तिसऱ्या माणसाने तपासायचं. आधी पानं मोजायची, मग कुठे रंग लावलाय का, फाटलेलं चिकटवलंय का, कडा कापल्यात का हे बघायचं, एकापेक्षा जास्त ग्रेडर बघतात आणि मग 0.5 ते 10 मधला आकडा ठरतो. नंतर अंक आतल्या पारदर्शक पाकिटात, सोबत आम्ल शोषून घेणारा एक खास कागद, आणि बाहेरून कडक कवच. यालाच सगळे स्लॅब म्हणतात.

लेबलचा रंग हा नंबराइतकाच महत्त्वाचा आहे आणि नवे लोक तिकडे बघतच नाहीत. निळं म्हणजे साधं सरळ. पिवळं म्हणजे चित्रकाराने किंवा लेखकाने कंपनीच्या माणसासमोर सही केलेली. जांभळं म्हणजे अंकावर दुरुस्ती झालेली आहे. आणि हिरवं म्हणजे बाकी चांगला पण एक मोठा दोष आहे, जो वेगळा लिहिलाय.

पाठवायचं कसं, तर मेंबरशिप घेऊन थेट पाठवता येतं, नाहीतर जवळच्या कॉमिकच्या दुकानातून, बरीच दुकानं स्वतः एकत्र पार्सल करून पाठवतात. मी दुकानातूनच दिले कारण पॅकिंगची मला भीती होती. 1975 पासूनचे अंक मॉडर्न धरतात, त्याआधीच्यांना जास्त पैसे, आणि अंकाची किंमत जास्त तशी फी पण जास्त. नेमकी फी बदलत असते, त्यामुळे आकडा लिहीत नाही, पण प्रेसिंग, ग्रेडिंग, कुरिअर, विमा सगळं धरून एका मॉडर्न अंकामागे दुकानातले दहाएक नवीन अंक येतील एवढा खर्च होतो. तो खर्च डोळ्यासमोर ठेवूनच अंक निवडा. प्रेसिंग म्हणजे उष्णता, थोडा ओलावा आणि दाब देऊन घड्या आणि पोचे सपाट करणं. ज्या घडीत शाई तुटून पांढरी रेष दिसतेय, म्हणजे कलर ब्रेक, ती प्रेसिंगने जात नाही. घरी इस्त्री फिरवू नका, प्लीज.

माझे पाच अंक: तो भोक पडलेला हल्क 181, 1988 चा अमेझिंग स्पायडरमॅन 300, 1991 चा न्यू म्यूटंट्स 98, 1976 चा इटर्नल्स 1, आणि स्पायडरमॅन इंडिया 1.

स्पायडरमॅन 300 मला 9.6 वाटत होता, आला 9.2. दिव्याखाली कव्हर तिरकं करून परत बघितलं तर मणक्यावर, म्हणजे पाठीच्या घडीवर, बारीक बारीक रेघा होत्या, पिनांच्या जवळ जास्त, पिशवीतून बघताना मला कधी दिसल्याच नव्हत्या. म्हणजे आकडा बरोबर आहे. न्यू म्यूटंट्स 98 मात्र 9.8 आला, डेडपूल पहिल्यांदा दिसतो तो अंक, आणि तो दिवस मी विसरणार नाही. नव्या काळातल्या अंकांमध्ये 9.6 आणि 9.8 च्या किमतीत मोठी दरी असते, डोळ्याला फरक जवळपास दिसत नाही आणि तरी असते, कारण सगळ्यांना वरचाच आकडा हवा असतो. कुठल्या ग्रेडचे किती अंक आजवर आलेत हे कंपनीच्या सेन्ससमध्ये दिसतं. मी प्रत्येक खरेदीआधी ते बघतो, तुम्हीही बघा.

हल्कला हिरवं लेबल मिळालं, स्टॅम्प नाही असं स्पष्ट लिहून. मित्र म्हणाला कशाला पैसे घातलेस त्यावर. मला ते सगळ्यात जास्त पटलेले पैसे वाटतात. उद्या मी तो विकला, किंवा माझ्यानंतर कोणी विकला, तरी पुढच्या माणसाला घरी जाऊन धक्का बसणार नाही. यासाठीच मला ही सर्व्हिस आवडते.

आता गल्ल्याचं. मी शुक्रवारचे आकडे शनिवारी सकाळी चहाच्या आधी बघणारा माणूस आहे, ओपनिंग किती, दुसऱ्या वीकेंडला घसरण किती, बाहेरच्या देशांतून किती, हे सगळं मला मनापासून आवडतं. एंडगेमने 2019 मध्ये अमेरिकेत पहिल्या तीन दिवसांत 357 मिलियन डॉलर केले तेव्हा आम्ही चार मित्र रविवारी रात्री फोनवर होतो. पण हा आनंद वेगळा आणि अंकाची किंमत वेगळी, हे शिकायला मला इटर्नल्स 1 लागला. 2019 च्या जुलैत सॅन दिएगोच्या कॉमिक-कॉनला इटर्नल्सच्या पिक्चरची घोषणा झाली आणि अंकाची मागणी वाढली, मी त्यानंतर घेतला, चढ्या भावात. पिक्चर 2021 च्या नोव्हेंबरात आला, जगभरात 402 मिलियनच्या आसपास थांबला, आणि अंक खाली आला तो आलाच. तो आता 9.4 आहे, कपाटात आहे, जॅक किर्बीचं चित्र अप्रतिम आहे आणि मी विकणार नाही.

तुम्ही म्हणाल पिक्चर पडला म्हणून अंक पडला. मग डेडपूल अँड वुल्व्हरिन बघा, 2024, अमेरिकेत ओपनिंगच 211 मिलियन, जगभरात 1.3 बिलियनच्या वर. आणि हल्क 181? 2021-22 मध्ये लॉकडाऊननंतरच्या लाटेत तो जिथे गेला होता तिथे परत जाताना मला तरी दिसला नाही. पिक्चर चालला की अंक चढतो असं सरळ गणित नाहीच आहे, चढायचं ते बहुतेक घोषणेला आणि ट्रेलरला चढून झालेलं असतं, आणि पिक्चर येतो त्या आठवड्यात सगळे विकायलाच बसलेले असतात. उलट ॲक्शन कॉमिक्स 1, 1938 चा, दहा सेंटचा, त्याची 8.5 ग्रेडची कॉपी 2024 च्या एप्रिलमध्ये 6 मिलियन डॉलरला गेली तेव्हा सुपरमॅनचा नवा पिक्चर थिएटरात नव्हता. तो 2025 च्या जुलैत आला. आणि द मार्व्हल्सचं ओपनिंग 46 मिलियन आलं त्या शनिवारी मी खरंच हळहळलो, त्यातल्या नायिकेसाठी, कमला खानसाठी, अंकांसाठी नाही. तिचे अंक अजून तितकेच छान वाचले जातात.

मग पाठवायचा कुठला अंक? ज्यावर तुमचा जीव आहे, किंवा जो विकत घेणाऱ्याला खात्रीशिवाय पटणार नाही असा. माझ्यासाठी तो स्पायडरमॅन इंडिया 1. चार अंकांची मालिका, 2004 ची, जीवन कांग यांची चित्रं, पवित्र प्रभाकर नावाचा खेड्यातून मुंबईला शिकायला आलेला पोरगा, सूटखाली धोतर, मावशीचं नाव माया, मैत्रीण मीरा जैन. मला तो इथल्या एका दुकानात डॉलर बिनमध्ये मिळाला होता, एक डॉलर, कोणी हात लावत नव्हतं. 2023 मध्ये ॲनिमेशनच्या पिक्चरमध्ये पवित्र आला, त्या पिक्चरने जगभरात 690 मिलियन केले, भारतात तो मराठीसकट दहा भाषांत लागला, आणि अंक एकदम सगळ्यांना हवा झाला. पुतण्याने पुण्याहून फोन केला, काका, तुझ्याकडचा तो धोतरवाला स्पायडरमॅन पिक्चरमध्ये आहे! त्या आठवड्यात विकला असता तर चांगले पैसे आले असते, तरी विकला नाही. यावेळी 9.6 आला, पांढरी पानं, निळं लेबल. पुतण्याला देणार आहे.

एक सावधगिरी. स्लॅब आहे म्हणून डोळे मिटून घेऊ नका. 2023 च्या शेवटी-शेवटी डबी बदलून घेण्याच्या सोयीचा गैरफायदा घेऊन कोणीतरी चांगल्या ग्रेडच्या लेबलात हलका अंक घालून विकत होता हे बाहेर आलं, कंपनीने संशयित सर्टिफिकेट नंबरांची यादी जाहीर केली. त्यामुळे महागाचा अंक घेताना नंबर वेबसाइटवर टाका, तिथला फोटो असेल तर समोरच्या अंकाशी ताडून बघा, डबीच्या कडांवर तडा किंवा उचकटल्याची खूण आहे का बघा. आणि हो, स्लॅब केलेला अंक वाचता येत नाही, हे घरच्यांना आधी सांगून ठेवा. माझी मुलगी न्यू म्यूटंट्स हातात घेऊन कितीतरी वेळ उघडायचं कुठून ते शोधत होती. तिच्यासाठी त्याच गोष्टींचं पुस्तक आणलंय, ते खुशाल दुमडू दे.

दुकानवाल्याने विचारलं पुढच्या खेपेला काय देणार. घरी बाबांची इंद्रजाल कॉमिक्स आहेत, मराठीतली, वेताळाची, पुण्याहून मागच्या दिवाळीत आणलेली, पिना गंजलेल्या, एकावर पेनने आत्याचं नाव लिहिलेलं. ग्रेड केली तर दोनच्या वर जाणार नाहीत. ती मी चांगल्या मायलरच्या (पारदर्शक प्लास्टिकच्या) पिशव्यांत, मागे बोर्ड लावून ठेवली आहेत, आणि बाबा येतात तेव्हा त्यांना पिशवीतून काढून वाचायला देतो.