स्टिअरिंग जड झाले: पंप बदलावा, रॅक उघडावा की आधी टायर पाहावेत?

पॉवर स्टिअरिंग जड झाले की पहिला संशय पंपावर (ऑइलच्या दाबाने मदत देणारा भाग) किंवा रॅकवर (स्टिअरिंगचे फिरणे चाकांपर्यंत पोचवणारा, आत दातेरी दांडा असलेला भाग) जातो, आणि हे दोन्ही भाग महागडे असल्यामुळे तो संशय चुकीचा ठरला तर भुर्दंडही मोठा बसतो. म्हणून कोणताही भाग मागवण्यापूर्वी एका प्रश्नाचे उत्तर मिळवावे: स्टिअरिंगला मिळणारी मदत कमी झाली आहे, की चाके वळवायला लागणारा जोरच वाढला आहे? दोन्ही प्रसंगी हाताला सारखेच जाणवते, परंतु इलाज पूर्णपणे वेगळे आहेत.

याचा निवाडा पुष्कळसा एका साध्या चाचणीने होतो. टायरमधली हवा आधी तपासून घ्यावी, कारण पुढच्या टायरांत हवा कमी असेल तर उत्तम स्टिअरिंगही जड लागते. मग गाडीचा पुढचा भाग उचलून स्टँडवर नीट टेकवावा आणि इंजिन बंद ठेवून, फक्त स्टिअरिंगचे लॉक उघडून, ते एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश फिरवावे. चाके अधांतरी असतानाही ते अडखळत असेल किंवा विशिष्ट जागी घट्ट होत असेल, तर दोष बहुधा यांत्रिक असतो: गंजलेला बॉल जॉइंट (चाकाला वळू देणारा गोलाकार सांधा), स्ट्रटच्या, म्हणजे पुढच्या चाकाच्या शॉक ॲब्सॉर्बरच्या खांबाच्या, वरचे बेअरिंग, किंवा स्टिअरिंगचा दांडा रॅकला जोडणारा युनिव्हर्सल जॉइंट. वळण घेतल्यावर स्टिअरिंग आपोआप सरळ येत नसेल, तर हा तर्क आणखी बळकट होतो. टाय रॉडची (रॅकला चाकांशी जोडणाऱ्या सळ्यांची) टोके चाकांपासून सोडवून पुन्हा फिरवल्यास दोष चाकांच्या बाजूला आहे की रॅक आणि दांड्याच्या बाजूला, हेही उलगडते. याउलट अधांतरी स्टिअरिंग सुरळीत फिरते आणि जमिनीवर टेकताच जड होते, तर मदत देणाऱ्या यंत्रणेकडे वळावे.

ही यंत्रणा कोणती, हे बॉनेट उघडल्यावर कळते. पॉवर स्टिअरिंग ऑइलची टाकी असेल तर ती हायड्रॉलिक, म्हणजे ऑइलच्या दाबावर चालणारी, नसेल तर बहुतेक इलेक्ट्रिक. काही गाड्यांत हायड्रॉलिक पंप विजेच्या मोटरवर चालतो; तिथे ऑइल आणि वीजपुरवठा दोन्ही तपासावे लागतात.

हायड्रॉलिक यंत्रणेत निर्णय घेणाऱ्याची खरी कसोटी लागते, कारण बेल्ट, ऑइल, पंप आणि रॅक या चौघांच्या तक्रारी एकमेकींत मिसळतात. स्टिअरिंग टोकापर्यंत वळवताना किंचाळल्यासारखा आवाज येत असेल, तर पंप फिरवणारा बेल्ट सैल किंवा गुळगुळीत झालेला असतो. कण्हल्यासारखा आवाज आणि टाकीत फेस ही ऑइलमध्ये हवा शिरल्याची खूण आहे, आणि केवळ या आवाजावरून पंपाला दोषी ठरवणे ही मला सर्वांत वारंवार घडणारी चूक वाटते. आधी ऑइलची पातळी भरावी, चाके उचलून, इंजिन बंद ठेवून स्टिअरिंग अनेकदा दोन्ही टोकांपर्यंत फिरवून हवा काढावी आणि मगच पुन्हा ऐकावे. ऑइल मात्र गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेलेच हवे. काही गाड्यांना ऑटोमॅटिक गिअरचे ऑइल चालते, तर काहींचे सील (ऑइल गळू न देणाऱ्या कड्या) त्याने खराब होतात.

हे सर्व ठीक असूनही संथ इंजिनवर स्टिअरिंग जड आणि रेस दिल्यावर हलके होत असेल, तर पंप झिजला असण्याची शक्यता मोठी आहे. एकाच दिशेला जड असेल, तर पंपावर संशय घेण्यात अर्थ नाही, कारण तो दोन्ही दिशांना सारखाच दाब पुरवतो. दोष रॅकमधल्या व्हॉल्व्हचा किंवा सीलचा समजावा. सकाळी जड आणि ऑइल तापल्यावर हलके होणारे स्टिअरिंगही बहुधा रॅककडेच बोट दाखवते.

रॅक उघडायचा ठरल्यास सील किट आणि संपूर्ण बदल यांतली निवड अशी करावी. रॅक केवळ बाहेरून गळत असेल आणि त्याच्या आतला दांडा गुळगुळीत असेल, तर सील किट पुरेसे ठरते. दांड्यावर गंजाचे खड्डे असतील, किंवा सील जिथे घासतात त्या व्हॉल्व्हच्या आतल्या भिंतीवर खाचा पडल्या असतील, तर नवे सीलही टिकत नाहीत. तिथे जबाबदारीने दुरुस्त केलेला जुना रॅक किंवा नवा रॅक घेणेच योग्य. गळती थांबवणारी बाटलीतली औषधे रबर फुगवून काही दिवस भागवतात, पण त्यांना मी दुरुस्ती म्हणणार नाही. पंप बदलताना जुन्या ऑइलमध्ये धातूचा चुरा दिसला, तर नळ्या आणि टाकी धुतल्याशिवाय नवा पंप जोडू नये, कारण तोच चुरा नव्या पंपाला खातो.

इलेक्ट्रिक यंत्रणेत हा घोळ कमी असतो, पण तिथला सुटा भाग महाग असतो. गाडी उभ्या उभ्या वळवताना मोटर कित्येक ॲम्पिअर प्रवाह ओढते, त्यामुळे म्हातारी बॅटरी किंवा गंजलेले अर्थिंगही स्टिअरिंग जड करू शकते. इंजिन बंद असताना चांगल्या बॅटरीवर सुमारे 12.6 व्होल्ट दिसतात आणि इंजिन चालू असताना बहुतेक गाड्यांत 13.5 ते 14.5, हे मोजल्याशिवाय मोटर किंवा कंट्रोल युनिट बदलण्यास संमती देऊ नये. अरुंद जागेत बराच वेळ मागेपुढे केल्यावर जड झालेले आणि थोड्या वेळाने पूर्ववत होणारे स्टिअरिंग बहुधा तापलेल्या मोटरला वाचवण्यासाठी मदत कमी करत असते. त्यात बिघाड नाही. डॅशबोर्डवरचा स्टिअरिंगचा इशारा-दिवा मात्र पेटत असेल, तर स्कॅनरने बिघाडाचा कोड वाचावा.

गाडी तोवर चालवावी का? मदत कमी झाली तरी स्टिअरिंग आणि चाके यांची यांत्रिक जोडणी कायम असल्यामुळे सावकाश जवळच्या गॅरेजपर्यंत जाता येते. परंतु स्टिअरिंग अडकत असेल किंवा अडखळून एकदम सुटत असेल, तर गाडी ओढूनच न्यावी. रॅक किंवा टाय रॉड सोडवल्यानंतर चाकांचे अलाइनमेंट आणि, ज्या गाड्यांत लागते तिथे, स्टिअरिंगच्या कोनाच्या सेन्सरचे कॅलिब्रेशन ही कामे दुरुस्तीच्या अंदाजपत्रकातच लिहून घ्यावीत.