क्वांटम एस्प्रेसो : आठ महिने वापरल्यावर

गंगापूर रोडच्या भाड्याच्या खोलीत, १६ जीबी रॅमच्या सेकंडहँड डेस्कटॉपवर जूनपासून क्वांटम एस्प्रेसो चालवतोय, म्हणजे पदार्थातल्या अणू-इलेक्ट्रॉनांचं क्वांटम गणित करणारं सॉफ्टवेअर. एमएस्सीचा प्रोजेक्ट आहे : लेड टायटेनेट या स्फटिकाचा थर किती पातळ केला तरी फेरोइलेक्ट्रिक राहतो, म्हणजे बाहेरून वीज न लावताही त्यातले धन-ऋण भार एकमेकांपासून सरकलेले राहतात (हेच ध्रुवीकरण). सॉफ्टवेअर फुकट, उबुंटूवर सहज बसतं.

पाच अणूंची पेशी (स्फटिकात पुन्हापुन्हा येणारा छोटा ठोकळा) चहा होईपर्यंत सुटते. डोकं फिरवलं ते ध्रुवीकरणाच्या आकड्याने. टायटॅनियम ऑक्सिजनच्या वर सरकलेला, म्हणजे उत्तर अधिक यायला हवं, आलं उणे. दोन रात्री स्यूडोपोटेन्शियल (अणूच्या आतल्या इलेक्ट्रॉनांऐवजी वापरायच्या तयार फाइली) बदलत बसलो. चूक माझीच होती. बेरी फेज या क्वांटम पद्धतीने काढलेलं ध्रुवीकरण एकच एक आकडा नसतो, ठरावीक टप्प्याने पुन्हापुन्हा येतो. आउटपुटमध्ये शेजारीच ‘मॉड’ म्हणून तो टप्पा लिहिलेला होता, मी ढुंकून पाहिलं नव्हतं. त्यात पीबीई फंक्शनलने (इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जेचं अंदाजी सूत्र) पेशी भलतीच ताणली : उंची-रुंदीचं गुणोत्तर १.२ च्या वर, प्रयोगात ते १.०६ च्या आसपास. ध्रुवीकरण हद्द ओलांडून मीटरच्या काट्यासारखं दुसऱ्या टोकाला गेलं. आता सममित रचनेपासून दहा पायऱ्यांत अणू सरकवत जातो, आणि पीबीईसोल, म्हणजे त्याच सूत्राची घन पदार्थांसाठीची आवृत्ती, वापरतो. त्यात पेशी बरीच माणसात येते.

पातळ थराची कथा वेगळी. चार पेशींचा थर निर्वातात ठेवून रिलॅक्स केला (अणूंना कमीत कमी ऊर्जेच्या जागी सरकू दिलं), तर ध्रुवीकरण पार झोपलं. मला वाटलं, बग. सर हसले. पृष्ठभागावर साचलेला विद्युतभार आतल्या ध्रुवीकरणाच्या विरोधात क्षेत्र तयार करतो, तो दाबायला वर-खाली इलेक्ट्रोड हवेत. इलेक्ट्रोड लावूनही तो पूर्ण दबत नाही : स्ट्रॉन्शियम रुथेनेटच्या इलेक्ट्रोडमध्ये बेरियम टायटेनेट या दुसऱ्या फेरोइलेक्ट्रिकचा थर साधारण २.४ नॅनोमीटरखाली फेरोइलेक्ट्रिक राहत नाही, हे जुंकेरा आणि घोसेझ या संशोधकांनी २००३ मध्येच गणिताने दाखवलं होतं.

इलेक्ट्रोड लावले की अणू वाढतात आणि मशीन रडू लागतं. पावसाळ्यात लाईट गेली की रात्रभराचं काम पाण्यात. मग मॅक्स_सेकंड्स या सेटिंगमध्ये वेळ घालून पहाटे रन नीट थांबवायला शिकलो, म्हणजे पुढे तिथूनच सुरू करता येतो. तरी शेवटी इन्व्हर्टर घ्यावाच लागला.

हजारो अणूंचे नॅनोडॉट (नॅनोमीटर आकाराचे कण) करायचे असतील तर याच्या वाट्याला जाऊ नका, लॅम्प्स या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये कोअर-शेल मॉडेल (अणू म्हणजे स्प्रिंगने जोडलेला गाभा आणि कवच, असं धरणारं) लावा. सहा पेशींचा थर शुक्रवारपासून चालू आहे. घरमालक काका परवा विचारत होते, ‘‘खोलीत नक्की काय शिजतंय?’’