25,000 रुपयांत भरतकामाचं मशीन शोधताना

बारशाला लागणारा खणाचा संच, म्हणजे झबलं, टोपडं आणि कुंची, मी गेली चार वर्षं घरून शिवून देते. कळव्यात अण्णांचं शिलाईचं दुकान होतं. त्यांचं पायडलचं काळं मशीन आता माझ्याकडे आहे आणि सरळ टाका ते आजही इतका सुबक घालतं की त्याबद्दल तक्रारच नाही. पण हल्ली कुंचीवर बाळाचं नाव हवं असतं, पाठीवर मोर नाहीतर कोयरी हवी असते. ते काम बाहेर द्यायचं, मग पिशवी घेऊन आणायला जायचं, आणि बारसं उद्यावर आलं तरी काम झालेलं नसायचं. शेवटी दिवाळीचे पैसे बाजूला ठेवले. 25,000 रुपये, त्याच्या वर एक रुपया नाही, असं ठरवून ठाण्याला गेले.

स्टेशनपासून जांभळी नाक्यापर्यंत आणि मग गोखले रोड अशा तीन फेऱ्या झाल्या. पहिल्या फेरीत माझा पुरता गोंधळ उडाला, कारण 'एम्ब्रॉयडरी मशीन' हा एकच शब्द दुकानदार तीन वेगवेगळ्या मशीनना लावतात. एकात नक्षीचे ठरावीक टाके असतात: शंकरपाळी, पानांची वेल, शिंपले. चकती फिरवली की काठाला तशी ओळ उमटत जाते. पदराला, फ्रॉकच्या घेराला छान दिसते, पण तिनं मोर होत नाही आणि नावही होत नाही. दुसऱ्यात सुईखालचे दाते खाली जातात, म्हणजे कापड पुढे सरकवणारं कोणी उरत नाही. कापड रिंगमध्ये ताणून आपण हातानं फिरवायचं आणि सुईनं चित्र काढायचं. तिसरं खरं कॉम्प्युटरचं. त्याच्यात डिझाइनची फाइल घातली की फ्रेम आपोआप फिरते.

कॉम्प्युटरचं मशीन चालताना पाहिलं तेव्हा मी खुर्चीवरून उठलेच नाही. पण मला दाखवलेल्यांपैकी सगळ्यात स्वस्त सत्तर हजारांच्या पुढे होतं, आणि त्या लहान मशीनची फ्रेम 4 बाय 4 इंचांची. बाळाच्या नावाला ती पुरते. ब्लाउजच्या पाठीवर आठ इंचांचा मोर हवा असेल तर तो तुकड्यांत भरायचा आणि दर वेळी फ्रेम अचूक जुळवून बसवायची. केसभर सरकली तरी मोराची मान तुटलेली दिसते. मिनिटाला 400 टाके धरले तर 12,000 टाक्यांच्या डिझाइनला अर्धा तास, शिवाय प्रत्येक रंगाला दोरा बदलायचा तो वेळ वेगळा. फाइलीही कंपनीप्रमाणे वेगळ्या, ब्रदरला पीईएस तर जानोमेला जेईएफ. स्वतःचं डिझाइन करायचं तर त्याचं सॉफ्टवेअर निराळं विकत घ्यायचं. महिन्याला माझे सहा-सात संच जातात. तेवढ्यासाठी कर्ज काढणं मला पटलं नाही.

जानोमे शब्दाचा अर्थ तिथल्या एका काकांनी सांगितला. जपानीत सापाचा डोळा. त्या कंपनीची गोल बॉबिन, म्हणजे खालच्या दोऱ्याची फिरकी, तशी दिसायची म्हणून ते नाव पडलं. अण्णा लांबट शटलची, म्हणजे खालचा दोरा होडीसारख्या डबीत असलेली, जुनी मशीनं दुरुस्त करायचे, त्यामुळे गोल बॉबिनचं त्या काळी काय कौतुक असेल ते मला लगेच कळलं.

दुसऱ्या फेरीला मी माझ्या चिंध्या घेऊन गेले, आणि मशीन घेणाऱ्या प्रत्येकीनं हे करावं असं मी कळकळीनं सांगेन. दुकानात नमुना दाखवतात तो नेहमी कडक सुती कापडावर, आणि त्याच्यावर कुठलंही मशीन शहाण्यासारखं वागतं. मी खणाचा दुहेरी तुकडा, पैठणीचा जरीचा काठ, टी-शर्टचं होजिअरी, जॉर्जेट आणि जीन्सची चार पदरांची शिवण नेली होती. जीन्सवर एका मशीननं सुई अडकवली. होजिअरीवर दुसरं टाका सोडत होतं. तिसऱ्या मशीनवर दुकानदार स्वतःच म्हणाले, "ताई, थांबा, याला अकराची बॉलपॉइंट सुई लावू." गोल टोकाची ती सुई लावली आणि टाका सलग पडला. सुई बदलून दाखवणाऱ्या त्या माणसाकडूनच मी मशीन घेतलं. जॉर्जेटला नऊ, अस्तराला अकरा, खणाला चौदा आणि जीन्सला सोळा नंबरची सुई, हे अण्णांनी शिकवलेलं गणित या मशीनलाही तसंच लागू पडतं.

कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण या किमतीला तीन-चार कंपन्यांची मशीनं जवळपास सारखी आहेत आणि बघायच्या गोष्टीही त्याच. माझ्या मशीनमध्ये दाते खाली करायची कळ आहे, झिगझॅगची रुंदी 5 मिलिमीटर आहे आणि हात मोकळा आहे, म्हणजे झबल्याची एवढीशी बाहीसुद्धा त्याच्यावर चढते. बॉबिन समोरून घालायची, लोखंडी केसवाली, म्हणजे डबीत बसणारी. वरून टाकायची बॉबिन सोपी असते, दोरा किती उरला तेही दिसतं. पण केस दोऱ्याला लटकवून हलका झटका दिला की ती बोटभर खाली यायला हवी, ही ताण बघायची अण्णांची रीत मला सोडायची नव्हती. टाक्यांच्या आकड्याला मात्र भुलू नका. खोक्यावर मोठा आकडा असतो, आणि त्यात काज, झिगझॅगच्या रुंद्या, असं सगळं धरलेलं असतं.

मशीन 17,800 ला पडलं. दोन रिंगा, भरतकामाचा फूट (सुईजवळ कापड दाबून धरणारा भाग) आणि सुया मिळून 1,150. रेयॉनच्या दोऱ्यांची पेटी 1,600 ची. साडेवीस हजारांत काम झालं.

पहिले तीन दिवस मात्र रडवलं. कापडाच्या खाली दोऱ्याचा गुंता व्हायचा, चिमणीच्या घरट्याएवढा. बॉबिन बदलली, सुई बदलली, ताणाची चकती फिरवून फिरवून बोटं दुखली. घरी येऊन शिकवायला माणूस पाठवतो असं दुकानानं कबूल केलं होतं. तो आला एकोणिसाव्या दिवशी, तोही चार फोन केल्यावर. याचं मला फार वाईट वाटलं, कारण पहिल्याच आठवड्यात एका बारशाचं काम हातातून गेलं. तोवर चूक अण्णांनीच पकडली होती. ते शेजारी स्टूलवर बसून नुसते बघत होते, मग म्हणाले, "बाळे, फूटची दांडी वरच आहे." फूट काढून रिंग फिरवत असले तरी मागची दांडी खाली करावीच लागते, त्याशिवाय वरच्या दोऱ्याला ताणच बसत नाही. दांडी खाली केली आणि पुढचा टाका मोत्यासारखा पडला.

रिंगचंही तसंच. हातानं भरताना कापड वरच्या कडेला असतं, मशीनवर ते तळाला टेकायला हवं, म्हणून रिंग उलटी बसवायची. खणाच्या मागे फाटणारा कागद लावला नाही तर अक्षरं आकसतात. जरीच्या दोऱ्याला मोठ्या नेढ्याची सुई लावून वरचा ताण सैल सोडते आणि पाय अगदी हलका ठेवते. तरी तो मधूनमधून तुटतोच.

आठ महिने झाले. सुईत दोरा ओवून देणारी कळ दुसऱ्याच महिन्यात वाकली, ती वॉरंटीत बदलून मिळाली. काज चार टप्प्यांचं आहे, दुहेरी खणावर एक बाजू दाट आणि दुसरी विरळ पडते, म्हणून काज मी अजून हातानं करते. दिवा एवढासा आहे, रात्री बसायचं तर वेगळा लावावा लागतो. नावं मात्र आता सगळी घरीच होतात. 'ज्ञानदा' लिहायला चाळीस मिनिटं लागली होती, आता पंधरा लागतात.

मोठा मोर अजून कारखान्यातच देते. तिथल्या मशीनना डीएसटी फाइल लागते आणि कापड अखंड लागतं. म्हणून कुंची बेतायच्या आधीच खण पाठवते, खडूनं मधली रेघ मारून आणि चारही बाजूंना चार बोटं जास्त ठेवून. कापलेला तुकडा त्यांच्या फ्रेममध्ये नीट धरत नाही.