बाळाला दूध अंगावरचं की डब्याचं? सातव्या महिन्यातलीच चर्चा

डोहाळजेवण झालं की हा विषय निघतोच. होणारे बाबा बरेचदा डब्याच्या, म्हणजे पावडरच्या दुधाच्या बाजूने, कारण काय तर रात्री मीपण पाजेन आणि किती मिली पोटात गेलं ते बाटलीवर दिसतं. मुद्दा खोटा नाही. पण रात्री दोनला पाणी उकळा, डब्यातल्याच चमच्याने पावडर सपाट मोजा, मग ते गार करा, आणि हे सगळं बाळ टाहो फोडत असताना, हे कोणी सांगत नाही, शिवाय डब्यांचा खर्च दर महिन्याला आहेच.

अंगावरचं सगळं आपोआप होतं असंही नाही हां. पहिले दोन-तीन दिवस नुसता घट्ट पिवळसर चीक येतो, तोही थोडाथोडा, की लगेच कोणीतरी म्हणतं "दूधच नाही गं हिला" आणि डबा घरात. अहो, बाळाचं पोटच एवढंसं, पुरतं त्याला तेवढं! दिवसरात्र मिळून 8 ते 12 वेळा पाजायचं आणि तोंडात निपलसोबत भोवतालचा काळा भागही जायला हवा, नाहीतर निपलला चिरा पडून दुखून जीव जातो.

माझं मत अंगावरच्याच बाजूने, पण खरंच कमी पडत असेल तर डॉक्टरांना विचारून डबा द्या, त्यात कसली लाज. नोकरीवाल्यांना 2017 पासून पहिल्या दोन मुलांसाठी 26 आठवडे पगारी रजा आहे, म्हणजे सहा महिने निघतात. जिला ती मिळतच नाही तिने पंपाचं आधीच बघून ठेवावं, काढलेलं दूध फ्रिजमध्ये आत मागच्या बाजूला ठेवायचं, दारात नाही.