ठोसा कुणाचा भारी, बॉक्सरचा की एमएमएवाल्याचा? गोव्यात क्लास निवडण्यापूर्वी

म्हापशापासून मोरजीपर्यंत हल्ली फलकांवर बॉक्सिंग, मुए थाई (लाथा-कोपरांचं थाई बॉक्सिंग) आणि एमएमए (ठोसे, लाथा आणि कुस्ती सगळं चालणारी मिश्र लढत) ही नावं एकाखाली एक रंगवलेली दिसतात. दहावी-बारावी झालेली मुलं, कधी त्यांचे आईवडील, येऊन एकच विचारतात: जोर कशात जास्त? मी सरावात ठोसे झेलायला हातात पॅड धरणारा माणूस. समोरच्याचा ठोसा माझ्या तळहातावर पडतो आणि खांद्यापर्यंत जाणवतो, त्यामुळे या बाबतीत माझं ठाम मत आहे. नुसत्या ठोशाचा जोर कमवायचा असेल तर बॉक्सिंग. कुणीतरी पाय धरून आपटायला टपलेलं असतानाही जोर लावता यायला हवा असेल तर एमएमए, आणि तेही वर्षभर बॉक्सिंग घोटून झाल्यावर. ज्यांना एवढंच हवं होतं त्यांनी इथे थांबायला हरकत नाही. बाकीच्यांसाठी कारणं सांगतो.

जोर येतो कुठून

नवख्या मुलाला बॅगेसमोर उभं करा. तो दंडाच्या बळावर मारतो, टाचा जमिनीला चिकटलेल्या, खांदा पुढे पडलेला. बॅग झुलते आणि पठ्ठ्या खूश होतो. पण बॅग झुलली याचा अर्थ ठोसा ढकलला गेला. नीट बसलेल्या ठोशाने बॅग जागच्या जागी मधोमध दबते आणि वरची साखळी खडखडते. आधी मागच्या पायाचा चवडा जमीन रेटतो, टाच बाहेर वळते, मग कंबर फिरते, मग खांदा, आणि मूठ सगळ्यात शेवटी पोचते.

१९८० च्या दशकात सोव्हिएत अभ्यासकांनी बॉक्सरांचा सरळ ठोसा मोजून पाहिला. अव्वल खेळाडूंच्या ठोशात पायांचा वाटा ३८ टक्क्यांच्या आसपास निघाला, तर नवख्यांच्या ठोशात जेमतेम १६-१७. हाताचं बरोबर उलट होतं: अव्वलांचा २४ टक्के, नवख्यांचा ३८. पुढे २००० साली ब्रिटनमध्ये झालेल्या मोजणीत अव्वल बॉक्सरांच्या मागच्या हाताचा ठोसा सरासरी ४,८०० न्यूटन भरला, मधल्या फळीचा ३,७२२ आणि नवख्यांचा २,३८१. त्याच मोजणीत अव्वलांचा पुढच्या हाताचा ठोसा २,८४७ न्यूटन होता. म्हणजे मुरलेल्या बॉक्सरने साधा पुढचा हात टाकला तरी तो नवख्याच्या सगळ्या ताकदीनिशी मारलेल्या ठोशाहून जड. व्यायामशाळेत बायसेप फुगवून ठोसा वाढेल असं समजणाऱ्यांनी हा आकडा आरशावर चिकटवून ठेवावा.

हेवीवेट बॉक्सर फ्रँक ब्रुनोचा ठोसा १९८५ मध्ये ४,०९६ न्यूटन नोंदला गेला. सहा किलोचा, गादी लावलेला लाकडी हातोडा ताशी ३२ किलोमीटर वेगाने आदळावा तसा तो आघात होता, असा हिशेब संशोधकांनी मांडला होता. उलट रील्समध्ये एमएमएतल्या फ्रान्सिस एन्गानूचा १,२९,१६१ हा आकडा फिरतो आणि सोबत कुठल्यातरी मोटारीच्या धडकेची उपमा. तो आकडा न्यूटनमध्ये नाही. ते ठोसा मोजणाऱ्या त्या यंत्राचं स्वतःचं एकक आहे. दोन आकडे शेजारी ठेवून 'एमएमएवाले कितीतरी पट भारी' म्हणणाऱ्याचं ऐकू नका.

मग एमएमएत तोच ठोसा हलका का पडतो

बॉक्सर अंग थोडं तिरपं ठेवून उभा राहतो. कंबरेखाली त्याला काही धोका नाही, म्हणून तो सगळं वजन पुढे टाकू शकतो. एमएमएत पुढच्या पायावर जास्त भार दिला की पोटरीवर लाथ बसते. ठोशामागे कंबर पूर्ण सोडली की समोरचा खाली वाकून दोन्ही पाय उचलतो. डोकं खाली घालून चुकवायला गेलात तर गुडघा तयार असतो. त्यामुळे एमएमएवाला जास्त समोर तोंड करून उभा राहतो, कंबर जरा मागे, वजन दोन्ही पायांवर. लाथेच्या पल्ल्याबाहेर राहायचं म्हणून अंतरही मोठं असतं, आणि ते तोडायला ठोशाआधी एक उडी घ्यावी लागते. एवढी व्यवधानं सांभाळून मारलेल्या ठोशात पायांचा वाटा घटणारच.

पॅडवर हा फरक लगेच कळतो. बॉक्सिंगच्या पोराचा क्रॉस, म्हणजे मागच्या हाताचा सरळ ठोसा, येतो तेव्हा 'टप्प' असा कोरडा आवाज होतो, हात क्षणात परत गेलेला असतो आणि माझं कोपर मागे सरकतं. पाठोपाठ हुक (बाजूने वळून येणारा ठोसा) येतो, तो आधीच्या ठोशाने वळलेल्या कंबरेचं उसनं घेऊनच. एमएमएच्या पोराचा एकटा ओव्हरहँड (वरून कमान घेऊन येणारा ठोसा) कधीकधी त्याहून जड लागतो, पण तिसऱ्या-चौथ्या ठोशाला जोर विरतो, कारण तेवढ्यात तो पाय मागे टाकायच्या तयारीला लागलेला असतो. यात त्याची काही चूक नाही. त्याला शिकवलंच तसं आहे आणि बरोबर शिकवलं आहे.

आता दुसरी बाजू. पाय धरले जाण्याच्या धाकाने प्रतिस्पर्ध्याचे हात खाली येतात. कुस्तीतून आलेले खेळाडू नेमकं हेच करतात: नजर पायांवर, खांदा खाली झुकवल्याचं सोंग, आणि वरून ओव्हरहँड. माणूस पडतो तो बहुधा न दिसलेल्या ठोशाने, आणि ठोसा दिसू न देण्याच्या वाटा एमएमएत जास्त आहेत. जमिनीवर पाडून मारलेल्या ठोशाचं गणित तर आणखी वेगळं. तिथे पायांचा रेटा जवळपास नसतो, पण खाली पडलेल्याच्या डोक्याला मागे हटायला जागाही नसते. एरवी पचला असता असा ठोसा तिथे लढत संपवून जातो.

चार औंस आणि दहा औंस

व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये वेल्टरवेट या वजनगटापर्यंत साधारण ८ औंसाचे ग्लोव्ह्ज आणि त्यावरच्या गटांना १० औंसाचे, म्हणजे अंदाजे २२७ आणि २८३ ग्रॅम. स्पारिंगला, म्हणजे सरावातल्या लढतीला, १४ ते १६ औंस. यूएफसी या एमएमएच्या सर्वांत मोठ्या स्पर्धेत सगळ्यांना साधारण ४ औंस, ११३ ग्रॅमच्या आसपास, आणि बोटं उघडी. साहजिकच लोक म्हणतात, पातळ ग्लोव्ह म्हणजे जास्त मार. कातडीपुरतं ते खरं आहे: आघात छोट्या जागेत एकवटतो, भुवई फाटते, रक्त येतं. पण जाड ग्लोव्ह मारणाऱ्याच्या हातालाही सांभाळतो, म्हणून बॉक्सर कवटीवर बिनधास्त आणि वारंवार मारू शकतो. चार औंसात तोच प्रकार केला तर करंगळीच्या मुळाशी असलेलं हाड मोडायची भीती असते.

बचावात तर ग्लोव्हच्या आकाराने खेळच बदलतो. बॉक्सिंगमध्ये दोन्ही हात गालांना लावले की निम्मा चेहरा झाकला जातो. चार औंसाची मूठ त्याच फटीतून आत शिरते. बॉक्सिंग क्लबमधून एमएमएत गेलेल्या मुलांना पहिला धक्का इथेच बसतो.

दोघे समोरासमोर आले तेव्हा

या वादात मला सर्वांत बोलका वाटतो तो एमएमएतल्या कॉनर मॅक्ग्रेगरचा डावा हात. डिसेंबर २०१५ मध्ये त्याच डाव्याने त्याने यूएफसीत जोसे आल्डोला १३ सेकंदांत झोपवलं. ऑगस्ट २०१७ मध्ये लास वेगासला तोच हात घेऊन तो मुरलेला बॉक्सर फ्लॉइड मेवेदरसमोर बॉक्सिंगला उतरला, तेही खास परवानगीने मिळालेले ८ औंसाचे ग्लोव्ह्ज घालून. त्याने ४३० ठोसे फेकले, १११ लागले. मेवेदरने ३२० फेकले, १७० लावले आणि दहाव्या राउंडमध्ये पंचांनी लढत थांबवली. हाताचा जोर दोन वर्षांत कुठे पळून गेला नव्हता. आल्डो घाईने त्या हातावर चालून आला होता. मेवेदर प्रत्येक ठोशाबरोबर खांदा वळवून त्याची धार काढून घेत होता, आणि मॅक्ग्रेगर दमायची वाट पाहत होता.

याला उलट उत्तर म्हणजे एन्गानू. कॅमेरूनमध्ये लहानपणी रेतीच्या खाणीत राबलेला हा माणूस. शापोरा-तेरेखोलच्या पात्रात रेती उपसणाऱ्यांचे खांदे ज्यांनी पाहिलेत त्यांना वेगळं सांगायला नको. ऑक्टोबर २०२३ मध्ये रियाधला पहिल्याच व्यावसायिक बॉक्सिंग लढतीत त्याने हेवीवेट बॉक्सर टायसन फ्युरीला तिसऱ्या राउंडमध्ये डाव्या हुकने खाली बसवलं, आणि निकाल फ्युरीच्या बाजूने गेला तोही तीनपैकी एका परीक्षकाच्या विरोधासह. 'बघा, एमएमएचा ठोसा!' असा गजर झाला. खरं तर एन्गानूला मुळात बॉक्सरच व्हायचं होतं, त्याच ओढीने तो पॅरिसला पोचला होता. पाच महिने जातात न जातात तोच, मार्च २०२४ मध्ये, बॉक्सर अँथनी जोशुआने त्याला दोन राउंडांत तीनदा पाडलं. शेवटचा उजवा बसल्यावर तो उठलाच नाही.

बॉक्सर एमएमएच्या पिंजऱ्यात शिरले तेव्हाही निकाल एकसारखे लागले नाहीत. अनेक वजनगटांत जगज्जेता राहिलेला जेम्स टोनी ऑगस्ट २०१० मध्ये एमएमएतल्या रँडी कुटूरसमोर आला. कुटूरने पहिल्या काही क्षणांतच पाय धरून त्याला खाली घेतलं आणि गळा आवळून पहिल्याच राउंडमध्ये शरण आणलं. टोनीच्या हाताला कामच मिळालं नाही. पण २००९ मध्ये ऑलिंपिक सुवर्णविजेता रे मर्सर माजी यूएफसी विजेत्या टिम सिल्व्हियासमोर उभा राहिला, तेव्हा सिल्व्हिया उभ्यानेच लढत राहिला. दहा सेकंदांच्या आसपास खेळ खल्लास. मुलींनी होली होल्मची लढत बघावी. बॉक्सिंगची जगज्जेती, २०१५ मध्ये मेलबर्नला यूएफसी विजेती राँडा राउझीसमोर. शेवट लाथेने झाला खरा, पण त्याआधी पावलांच्या चलाखीने आणि सरळ डाव्याने तिने राउझीला पुरती बेजार केलं होतं.

डोक्याचं काय

आईवडिलांचा खरा प्रश्न हा असतो, मुलं तो विचारत नाहीत. कॅनडातल्या एडमंटन शहरातल्या लढतींच्या दहा वर्षांच्या वैद्यकीय नोंदी २०१५ मध्ये प्रसिद्ध झाल्या. एमएमएत ५९.४ टक्के खेळाडूंना काही ना काही दुखापत होती, बॉक्सिंगमध्ये ४९.८ टक्क्यांना. शुद्ध हरपण्याचं प्रमाण मात्र एमएमएत ४.२ टक्के आणि बॉक्सिंगमध्ये ७.१. म्हणजे खरचटणं, फाटणं, मुरगळणं एमएमएत जास्त, तर डोक्याला जबर मार बॉक्सिंगमध्ये. बॉक्सिंगमध्ये पडलेल्याला दहा आकड्यांची मुदत मिळते आणि तो पुन्हा मार खायला उभा राहतो. एमएमएत बहुतेक वेळा तिथेच संपतं. हौशी मुलांसाठी मात्र लढतीपेक्षा सराव महत्त्वाचा. दर आठवड्याला जोरात स्पारिंग लावणारा क्लब, मग तो कुठल्याही खेळाचा असो, मी टाळायला सांगेन.

गोव्यातलं गणित

बॉक्सिंगला इथे शिडी आहे: शालेय स्पर्धा, राज्य स्पर्धा, राष्ट्रीय स्पर्धा. २०२३ मध्ये गोव्यात झालेल्या ३७ व्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत बॉक्सिंग होतं, एमएमए नव्हतं. विजेंदर, मेरी कोम, लवलिना यांची ऑलिंपिक पदकं आहेतच आणि २०२८ च्या लॉस एंजेलिसमध्येही बॉक्सिंगची जागा पक्की झाली आहे. प्रमाणपत्र, क्रीडा कोटा, नोकरी असा विचार घरात चालू असेल तर निर्णय सोपा आहे. आधी क्रीडा प्राधिकरणाकडे चौकशी करा, जवळच्या संकुलात प्रशिक्षक आहे का बघा. एमएमएची वाट अजून खासगी आहे, पण बंद नाही. पूजा तोमरने जून २०२४ मध्ये यूएफसीत लढत जिंकली, तिथे जिंकणारी ती पहिली भारतीय महिला.

किनाऱ्याकडच्या जिममध्ये शिकवणं चांगलं असू शकतं, पण तिथला हिशेब पर्यटनाच्या हंगामाचा. प्रशिक्षक ऑक्टोबरात येतो आणि उन्हाळ्यात निघून जातो असं होऊ शकतं, तेव्हा जून ते सप्टेंबर कोण शिकवणार हे पैसे भरण्यापूर्वी विचारा. शिवाय डिचोली किंवा फोंड्याहून डिसेंबरच्या संध्याकाळी शिवोली-हणजूणच्या रस्त्याने रोज जाऊन बघा, वॉर्मअप स्कूटरवरच होतो.

पावसाळ्याबद्दल कुणी सांगत नाही म्हणून मी सांगतो. आपल्या हवेत बॉक्सिंगचे जाड ग्लोव्ह्ज आतून वाळत नाहीत. चार दिवस बॅगेत राहिले की बुरशी धरते, आतला फोम गोळा होतो आणि मुठीची हाडं थेट बॅगेवर लागू लागतात. सराव संपला की ग्लोव्ह्ज उघडे करून त्यांत जुना 'गोमन्तक' पेपर कोंबा आणि पंख्याखाली ठेवा. हँडरॅपचे (ग्लोव्हच्या आत हाताला गुंडाळायच्या पट्ट्यांचे) दोन जोड ठेवा, एक वाळत असताना दुसरा वापरायला. एमएमएचे पातळ ग्लोव्ह्ज या बाबतीत सुखाचे, रात्रीत वाळतात.

पहिल्या दिवशी क्लासात गेलात की प्रशिक्षक कुठे बघतो याच्याकडे लक्ष ठेवा. तो तुमच्या टाचेकडे बघून 'वळव, वळव' म्हणत असेल, हँडरॅप स्वतः बांधून दाखवत असेल, तर नाव घाला. आणि त्याच संध्याकाळी तुम्हाला ग्लोव्ह्ज चढवून जुन्या पोरासमोर उभं करणार असेल तर चप्पल घाला आणि घरी या.