गिट, जीएच की ग्लॅब? टर्मिनलमधून रेपो सांभाळायचा तर काय निवडावं

गिट आणि गिटहब यांच्यातली सीमारेषा आधी स्पष्ट करून घेऊ, कारण निवडीतला निम्मा घोळ तिथेच होतो. गिट हे रेपोतले, म्हणजे प्रकल्पाच्या फाइलींच्या साठ्यातले, बदल नोंदवणारं टूल; गिटहब आणि गिटलॅब या तो साठा ठेवून देणाऱ्या साइट. गिटला कमिट (नोंदवलेला बदल), ब्रँच (बदलांची वेगळी फांदी), टॅग आणि रिमोट (सर्व्हरवरची प्रत) कळतात. पुल रिक्वेस्ट (पीआर, म्हणजे आपला बदल सामावून घ्यायची विनंती), इश्यू, रिव्ह्यू, पाइपलाइन (पुशनंतर आपोआप होणाऱ्या तपासण्या) हे सगळं होस्टिंग देणाऱ्याचं घर. ते गिटला माहीतच नाही. त्यामुळे 'टर्मिनलमधूनच काम करायचं' असं ठरवलं की प्रश्न असा उरतो: गिटच्या पलीकडचं काम ब्राउझरमध्ये करायचं, की त्यासाठी आणखी एक टूल टाकायचं? टूल टाकायचं तर गिटहबवाल्यांसाठी जीएच आहे आणि गिटलॅबवाल्यांसाठी ग्लॅब. (कमांड इथे देवनागरीत लिहिल्या आहेत, टाइप करताना त्या रोमन अक्षरांत कराव्या लागतील हे सांगायला नकोच.)

जुन्या ट्युटोरियलमध्ये 'हब' नावाचं टूलही दिसेल. ते २००९ पासूनचं. गिटलाच वेढून बसायचं, म्हणजे 'गिट' टाइप केलं की मागे हब चालायचं. जीएच तसं करत नाही. ते गिटच्या शेजारी उभं राहतं आणि गिटच्या कमांडना हात लावत नाही. त्याची १.० आवृत्ती सप्टेंबर २०२० मध्ये आली. नव्याने सुरुवात करणाऱ्याने हबच्या वाटेला जाऊ नये.

नुसतं गिट आणि ब्राउझर

हा पर्याय लोक समजतात तितका मागासलेला नाही. नवी ब्रँच पुश केली (सर्व्हरवर ढकलली) की गिटहब आणि गिटलॅब दोघंही टर्मिनलमध्येच पीआर उघडायची लिंक छापतात. तिच्यावर क्लिक केलं की फॉर्म समोर. वर्णन नीट लिहायचं असेल, स्क्रीनशॉट ओढून टाकायचा असेल, रिव्ह्यूअर निवडायचे असतील, तर तो फॉर्मच सोयीचा. म्हणून 'जीएच पीआर क्रिएट'साठी जीएच घ्या असं कोणी सांगितलं तर मला ते फारसं पटत नाही. सगळ्या डेमोत तीच कमांड दाखवतात, पण वाचणारा वेळ थोडाच असतो.

गिटलॅबवर तर टूल न टाकताही एक पळवाट आहे: 'गिट पुश -ओ मर्ज_रिक्वेस्ट.क्रिएट'. पुश होता होताच मर्ज रिक्वेस्ट (पीआरचं गिटलॅबवरचं नाव) तयार. टार्गेट ब्रँच, शीर्षक, ड्राफ्ट हेही अशाच ऑप्शननी देता येतं आणि 'सीआय.स्किप' दिलं की त्या पुशपुरती पाइपलाइन धावत नाही. गिटहबवर पुशसोबत पीआर उघडायची अशी सोय नाही.

जीएच जिथे खरं कामाला येतं

पहिली जागा म्हणजे दुसऱ्याची पीआर आपल्या मशीनवर उतरवणं. समजा, आयआयटी मुंबईच्या शोभिका फाँटसारखा एखादा खुला रेपो तुम्ही सांभाळता आणि कोणीतरी आपल्या फोर्कमधून (रेपोच्या स्वतःच्या प्रतीतून) ४२ नंबरची पीआर पाठवली. नुसत्या गिटने 'गिट फेच ओरिजिन पुल/४२/हेड:पीआर-४२' असं करून ती ब्रँच मिळते. वाचायला तेवढं पुरेसं. पण त्यात एक जोडाक्षर दुरुस्त करून परत त्याच पीआरमध्ये ढकलायचं असेल, तर त्या माणसाचा फोर्क रिमोट म्हणून जोडा, त्याच्या ब्रँचचं नाव शोधा, मग पुश करा. 'जीएच पीआर चेकआउट ४२' ब्रँच उतरवताना ट्रॅकिंगही (पुश कुठे जायचा ते) जुळवून ठेवतं. पाठवणाऱ्याने मेंटेनरला बदलाची परवानगी दिलेली असेल तर दुरुस्ती थेट त्याच्या ब्रँचमध्ये जाते. दिवसाला चार-पाच पीआर तपासणाऱ्याला एवढ्या एका कमांडसाठीसुद्धा जीएच परवडतं.

दुसरी जागा म्हणजे फेल झालेलं सीआय, म्हणजे पाइपलाइनमधली आपोआप तपासणी. ब्राउझरमध्ये काय होतं ते आठवा. ॲक्शन्सचा (गिटहबच्या पाइपलाइनचा) टॅब, त्यातला रन, डावीकडच्या यादीत लाल फुली पडलेला जॉब, मग स्टेप, मग लॉग लोड होण्याची वाट आणि शेवटी हजारो ओळींतून एरर हुडकणं. 'जीएच रन व्ह्यू --लॉग-फेल्ड' फक्त नापास झालेल्या स्टेपचा लॉग देतं, तो सरळ ग्रेपला (मजकूर शोधणाऱ्या कमांडला) द्यायचा. नेटवर्कच्या झटक्यामुळे दोनच जॉब पडले असतील तर 'जीएच रन रीरन --फेल्ड'. पीआर टाकून चहाला जायचं असेल तर 'जीएच पीआर चेक्स --वॉच' लावून जा.

तिसरी जागा स्क्रिप्ट. बहुतेक याद्यांना '--जेसन' लावून हवी तेवढीच फील्ड मागता येतात आणि '--जेक्यू'ने तिथेच गाळता येतात. त्यासाठी जेक्यू हे जेसन गाळायचं टूल वेगळं टाकावं लागत नाही. कमांड नसलेल्या गोष्टींसाठी 'जीएच एपीआय' आहे, ते गिटहबच्या एपीआयला (प्रोग्रामने बोलायच्या दाराला) थेट विनंती पाठवतं. कर्ल (वेब विनंती पाठवणारी कमांड) आणि हेडरची खटपट वाचते आणि लॉगिन केलेलं असल्याने तासाला ५,००० विनंत्यांची मर्यादा मिळते. लॉगिनशिवाय ती ६० आहे. तीस रेपोंमध्ये एकच सेटिंग बदलायचं असेल तेव्हा ब्राउझरचा विचारही करू नये.

कमी पडतं ते रिव्ह्यूत. 'जीएच पीआर रिव्ह्यू'ने मंजुरी देता येते, बदल मागता येतात, एकूण पीआरवर शेरा मारता येतो. पण अमुक फाइलच्या तमुक ओळीवर कमेंट करायची सोय त्या कमांडमध्ये नाही. बारकाईने रिव्ह्यू करणाऱ्याचा दिवस त्यामुळे ब्राउझरमध्ये किंवा एडिटरच्या प्लगिनमध्येच जातो. तुमचं मुख्य काम तेच असेल तर जीएचने फार फरक पडणार नाही.

ग्लॅब

हे मुळात घानाच्या क्लेमेंट सॅम या डेव्हलपरने सुरू केलं, २०२२ मध्ये गिटलॅबने अधिकृत म्हणून आपल्याकडे घेतलं. कमांडची घडण जीएचसारखीच, पीआरच्या जागी एमआर (मर्ज रिक्वेस्ट). 'ग्लॅब एमआर चेकआउट' तेच काम करतं. पाइपलाइनच्या बाबतीत मात्र ग्लॅब मला उजवं वाटतं. 'ग्लॅब सीआय व्ह्यू' टर्मिनलमध्येच पाइपलाइनच्या पायऱ्या मांडून दाखवतं, 'ग्लॅब सीआय ट्रेस' चालू जॉबचा लॉग वाहता ठेवतं आणि 'ग्लॅब सीआय लिंट' पाइपलाइनची यामल (सेटिंग्जची) फाइल पुश करण्याआधी तपासतं. इंडेंटेशन चुकलं म्हणून 'फिक्स सीआय', 'फिक्स सीआय अगेन' अशा कमिटची माळ लावणाऱ्यांनी एवढ्यासाठी तरी ते बसवावं. कंपनीच्या स्वतःच्या सर्व्हरवर गिटलॅब असेल तर लॉगिन करताना '--होस्टनेम' द्यायचं.

जीएच आणि ग्लॅब यांची आपसात तुलना करून निवड करायची वेळ खरं तर येत नाही. रेपो जिथे आहे तिथलं टूल घ्यायचं. कोड दोन्हीकडे असेल तर दोन्ही बसवा, ती एकमेकांच्या पायात येत नाहीत. पण आज गिटहब, उद्या गिटलॅब अशी हलवाहलव ठरलेली असेल, तर त्यांच्यावर मोठ्या स्क्रिप्ट उभारू नका. गिटच्या कमांड तशाच चालतील, जीएचच्या सगळ्या पुन्हा लिहाव्या लागतील.

ऑफिसचं नेटवर्क, लॉगिन आणि टोकन

गिट व्यवस्थित चालतंय आणि जीएच मात्र लटकून राहतंय, हा ऑफिसातला नेहमीचा अनुभव. गिट एसएसएच या वेगळ्या मार्गाने जात असेल, पण जीएचला एचटीटीपीएसवरून एपीआयपर्यंत पोहोचावंच लागतं. शिवाय गिटच्या कॉन्फिगमध्ये लिहिलेला प्रॉक्सी जीएच वाचत नाही. त्याला 'एचटीटीपीएस_प्रॉक्सी' हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल लागतं. ऑफिसमध्ये टूल पसंत करण्याआधी हे एकदा तपासा.

नवशिक्यांसाठी लॉगिन हेच जीएच घ्यायचं सगळ्यात मोठं कारण आहे. १३ ऑगस्ट २०२१ पासून गिटहबवर गिटसाठी पासवर्ड चालत नाही. त्याऐवजी टोकन (पासवर्डच्या जागी चालणारी लांबलचक किल्ली) बनवा, जपून ठेवा, पेस्ट करा, यात नवखा माणूस हमखास अडकतो. 'जीएच ऑथ लॉगिन' आठ अक्षरांचा कोड देतं, तो ब्राउझरमध्ये टाकला की झालं, आणि गिटचं लॉगिनही तेच सांभाळायला तयार असतं. विंडोजवर गिटच्या इन्स्टॉलरसोबत क्रेडेन्शियल मॅनेजर येतो आणि तोही ब्राउझरमधूनच साइन-इन करवतो, त्यामुळे तिथे हा मुद्दा थोडा फिका पडतो. घरचं आणि ऑफिसचं अशी दोन खाती असतील तर 'जीएच ऑथ स्विच' आहे, पण त्यासाठी २.४० किंवा त्यापुढची आवृत्ती लागते.

या सोयीची किंमतही बघा. त्या लॉगिनमधून मिळणारं टोकन तुमच्या सगळ्या रेपोंवर, खाजगी धरून, लिहू शकतं. 'जीएच ऑथ टोकन' म्हटलं की ते स्क्रीनवर छापलं जातं. म्हणजे तुमच्या नावाने चालणाऱ्या कुठल्याही स्क्रिप्टला ते उचलता येतं. स्वतःच्या लॅपटॉपवर ही जोखीम मी घेतो. कॉलेजच्या लॅबमध्ये किंवा सामायिक सर्व्हरवर मोजक्या रेपोंपुरतं, मुदतीचं टोकन बनवून 'जीएच_टोकन' या व्हेरिएबलमधून द्यावं. आणि तिथे आधीच लॉगिन केलं असेल तर 'जीएच ऑथ लॉगआउट'वर भागत नाही. त्याने मशीनवरची नोंद पुसली जाते, टोकन रद्द होत नाही. ते रद्द करायला गिटहबच्या सेटिंग्जमध्ये जाऊन, परवानगी दिलेल्या ॲप्सच्या यादीतून 'गिटहब सीएलआय' (जीएचचं पूर्ण नाव) काढून टाकावं लागतं.