जुन्या पेट्रोल जीपला हीट स्लीव्ह : दहा महिन्यांचा अनुभव

आमच्याकडे महिंद्राची जुनी पेट्रोल जीप आहे, सीजे-३बी, उंच बॉनेटवाली. वडिलांनी घेतलेली, त्यामुळे विकायचा विषयच नाही. पण उन्हाळ्यात चिपळूणहून कराडला येताना कुंभार्ली घाटात ती हमखास अडायची. दुसऱ्या गिअरवर चार वळणं चढली की आचके, मग बंद. इंजिनाला पेट्रोल पुरवणाऱ्या पंपावर ओलं फडकं टाकायचं आणि वीस मिनिटं थांबायचं. गेल्या एप्रिलात आई गाडीत असताना भर दुपारी हे झालं आणि बंदोबस्त करायचा ठरवलं.

हिच्या हरिकेन इंजिनात पेट्रोल ओढणारा पंप एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्याच, म्हणजे गरम धूर बाहेर नेणाऱ्या ओतीव लोखंडी नळ्यांच्याच, बाजूला आहे. तिथून कार्बोरेटरकडे, म्हणजे हवेत पेट्रोल मिसळणाऱ्या भागाकडे, चढणारा पाइप तापलेल्या लोखंडाजवळून जातो. पेट्रोल पाण्यासारखं एका ठरावीक तापमानाला उकळत नाही. त्यातला हलका भाग ४० अंशांच्या आसपासच वाफ व्हायला लागतो. पंप ज्या बाजूने ओढतो तिथे दाब कमी, म्हणून वाफ आणखी लवकर. पाइपात वाफ भरली की पंप नुसता हलत राहतो, पेट्रोल पुढे जात नाही.

म्हणून या पाइपावर चढवायला मीटरभर हीट स्लीव्ह, म्हणजे धग अडवणारं नळीसारखं आवरण, आणली. आत काचतंतूंचं कापड, वर अ‍ॅल्युमिनियमचा चकचकीत थर. कापताना हातमोजे घाला. मी घातले नाहीत आणि दोन दिवस मनगटं खाजत होती.

पहिल्यांदा बसवली तेव्हा फारसा फरक पडला नाही. मेस्त्रींनी बॉनेट उघडून बघितलं, तर स्लीव्ह एका ठिकाणी मॅनिफोल्डला टेकून काळी पडली होती. "अहो, टेकवल्यावर ती काय करणार? मधे हवा पाहिजे," म्हणाले. बरोबरच होतं. चकाकी लांबून येणारी धग परतवते. टेकलं की उष्णता सरळ आत शिरते. त्यांनी पाइपाला नवी वळणं देऊन तो दोन बोटं दूर घेतला, क्लिपने बांधला आणि खराब झालेला तुकडा बदलला. त्यानंतर मे महिन्यात तीनदा घाट चढलो, एकदाही थांबावं लागलं नाही. आधी वर पोचल्यावर पाइपाला हात लावला की चटका बसायचा, आता धरून ठेवता येतो.

पावसाळ्यात टोकांचे धागे सुटले आणि आत पाणी शिरलं. टोकं दुमडून तारेने आवळली, ते टिकलंय. ऑइलचे डाग पडले की चकाकी जाते, म्हणून अधूनमधून पुसतो.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट दिवाळीत कळली. स्लीव्ह सरकवून बघितली तर आतला रबरी पाइप फुगून चिकट झाला होता. हल्लीच्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं, जुन्या रबराला ते सोसत नाही. वरून सगळं चकाचक, आणि आत पेट्रोल झिरपायच्या बेतात, तेही मॅनिफोल्डच्या शेजारी! त्या रात्री झोप लागली नाही. कृपा करून इथेनॉल सोसणारा नवा पाइप आधी टाका, स्लीव्ह नंतर. मी आता दर महिन्याला ती सरकवून, पाइप दाबून आणि वास घेऊन बघतो.

एक त्रास मात्र राहिलाय. घाट चढून चहाला थांबलो की गाडी पुन्हा पटकन चालू होत नाही. इंजिन बंद झाल्यावर वारा थांबतो आणि खालची धग कार्बोरेटरमधल्या पेट्रोलला लागते. तिथे स्लीव्ह काय करणार? कोणी मॅनिफोल्डलाच धग अडवणारी पट्टी गुंडाळायला सांगितलं होतं, पण ओल धरून ओतीव लोखंड गंजेल, तडकेल म्हणून नको म्हटलं. कार्बोरेटरखाली बेकेलाइटची, म्हणजे उष्णता सहज पुढे जाऊ न देणाऱ्या कडक प्लास्टिकची, जाड चकती बसवायची आहे, मेस्त्रींनी माप घेतलंय.